दाखवायचे दात आणि खायचे दात
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात परळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या वर्षी आम्हांस आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यानंतर प्राथमिक शाळेत केलेली मास्तरकी एवढेच आमचे भांडवल. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्त होय. त्याचे उत्तर आमच्या तोंडातच आहे. गेली काही वर्षे आम्ही वरची व खालची अशा दोन्ही कवळ्या वापरीत आहोत. त्या करून घेताना दवाखान्याच्या बाकावर बसून जे पाहिले, डॉक्टरांस विचारून जे समजून घेतले आणि घरी येऊन जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच हेतू आहे. मास्तरकीत आम्ही दाताच्या कण्या पुष्कळ केल्या. आज दातांसाठीच त्या कराव्या लागत आहेत, एवढाच फरक.

आपल्या मंडळाचा वैद्यकीय मदत निधी आहे. मोतीबिंदू, हृदयविकार, मोडलेले हाड अशा कारणांसाठी अर्ज येतात आणि समिती ते आपुलकीने मंजूर करते. दातांसाठी कोणी अर्ज केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याचा अर्थ आपल्या ज्येष्ठांचे दात शाबूत आहेत असा मुळीच नव्हे. म्हातारपणी दात जायचेच, त्यात औषधोपचार तो कसला, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. वडिलांच्या डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले तर मुलगा रजा टाकून त्यांना रुग्णालयात नेतो. त्याच वडिलांच्या तोंडाचे बोळके झाले तर घरात फक्त भात थोडा मऊ शिजू लागतो.

आपल्या पंगतीत जरा निरखून पाहा. एखादी वृद्ध माउली वरणभातापुरती बसते. वाढपी पुरी घेऊन आला की ‘आज पोट बरे नाही’ म्हणून हात आडवा करते. भाकरी चहात बुडवून खाण्याचा संकोच वाटतो म्हणून ती पुढे पुढे पंगतीस येतच नाही. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ अशी आपली म्हण आहे. जिला दाखवावयास दातच उरले नाहीत, तिने तोंडाला पदर लावून हसावयाचेच सोडून दिले आहे. मुलाच्या खर्चात भर नको म्हणून ती बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हणून कोणी विचारीत नाही. चावता येत नाही म्हणून आधी भाकरी जाते, मग उसळी, कोशिंबिरी, फळे जातात, मांसाहारी घरांत मटणाचा तुकडाही जातो. शेवटी चहा आणि बिस्किटे यांवर दिवस निघतो आणि शरीर खंगत जाते. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ हे आपल्या वाडवडिलांनी विनोदाने म्हटले असेल. ज्याने आयुष्यभर राबून अखेरीस चार चणे मिळविले, त्याच्या बाबतीत त्यातील विनोद संपतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दात दरवेळी दातांमुळेच जातात असे नाही. प्रौढ वयात ते पुष्कळदा हिरड्यांमुळे जातात. आपण गिरगाव, लालबागच्या चाळींत वाढलेली माणसे आहोत. तेव्हा चाळीचाच दाखला देतो. गॅलरीचा कठडा रंगवून चाळ उभी राहत नाही. पाया खचला आणि तुळया कुजल्या म्हणजे टेकू लावण्याची पाळी येते. दात हा चाळीचा दर्शनी भाग. हिरडी आणि तिच्याखालचे जबड्याचे हाड हा तिचा पाया. कवळी हा अखेरचा टेकू आहे, आणि टेकूसुद्धा भक्कम जमिनीवरच उभा करावा लागतो.

हा पाया कसा खचतो ते पाहा. जेवणानंतर दातांच्या मुळाशी जंतूंचा एक चिकट, पांढुरका थर बसतो. तो रोज नीट घासून काढला नाही तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच घट्ट होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. ते ब्रशाने निघत नाही. त्याच्या सततच्या त्रासाने हिरडी लाल होते, सुजते आणि दात घासताना रक्त येते. रक्त आले की आपण घाबरून त्या जागी घासणेच बंद करतो. वस्तुतः तेथेच अधिक स्वच्छतेची गरज असते. या अवस्थेत उपाय केला तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष केले तर ती दातापासून सुटते, मध्ये खोबण पडते, आतील हाड झिजते आणि दात हलू लागतो. यालाच आपल्या बोलीत ‘पायोरिया’ म्हणतात. या सर्व काळात दुखत नाही, हाच त्याचा कपटीपणा. किडलेली दाढ रात्रभर जागवते. हिरडीचा रोग वर्षानुवर्षे शांतपणे आपले काम करीत असतो.

मधुमेह असणाऱ्यांनी तर अधिक सावध असावे. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते. दोन्ही रोग एकमेकांचे हात धरून चालतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे आपले सर्व ठीक आहे असा त्यांचा समज होतो आणि रोग आतल्या आत वाढतो.

दंतधावन ही काही आपल्याकडे परदेशातून आलेली गोष्ट नव्हे. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढ्या जाडीची काडी घेऊन दात स्वच्छ करावेत असा विधी सांगितला आहे, आणि कडुनिंब, खैर, करंज ही झाडे त्यासाठी नेमून दिली आहेत. गावाकडे आपल्या आजोबांनी तेच केले. याच परळमध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली ‘विको’चा उद्योग आरंभिला आणि वज्रदंती मंजन घरोघर जाऊन विकले, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. मंजन असो वा पेस्ट, ती साफ करण्याची साधने आहेत. एकदा बसलेले कीटण अथवा एकदा झिजलेले हाड कोणत्याही मंजनाने परत फिरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

परंतु आपल्या वस्तीत दुसरीही एक परंपरा रुजली. गिरणीच्या खात्यात कापसामुळे आगीचे भय. तेथे विडी पेटविण्याची सोय नाही. म्हणून गालात तंबाखूची चिमूट आली. घरी आयाबायांनी तव्यावर तंबाखू भाजून तिची मिश्री केली आणि दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली ती हिरड्यांवर चोळली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे एकामागून एक भोंगे थांबले, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पण चिमूट आणि मिश्री मात्र चाळीतून गेली नाही. मिश्री ही तंबाखूच आहे, मंजन नव्हे, हे आम्ही येथे बसलेल्या भगिनींस हात जोडून सांगतो. सुपारीचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कर्करोगास कारणीभूत ठरते असे नमूद केले आहे. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होते, तोंड उघडेनासे होते. मग कवळी करून दिली तरी ती आत घालावयाची कशी? महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण कायद्याची बंदी आणि मनाची बंदी यांत अंतर राहते. विडा मंगलकार्यात शोभतो, तो तेथेच राहू द्यावा. रोज गालात नको. टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ पासून आपल्या या परळमध्येच उभे आहे. तेथील फाटकाबाहेर पदपथावर गावाहून आलेली कुटुंबे बसलेली आपण रोज पाहतो. त्यावर आम्ही निराळे भाष्य करीत नाही. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा एखादा व्रण दोन आठवड्यांत भरून आला नाही, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांस दाखवावा, एवढे प्रत्येकाने पाठ करून ठेवावे.

रोजचा नियम साधा आहे. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशाने दोन मिनिटे, हिरडी व दात जेथे मिळतात तेथे हलक्या हाताने घासावे. जोराने घासल्याने दात पांढरे होत नाहीत, हिरडी मात्र खाली सरकते. राखुंडी, विटकरीचा चुरा, मीठ यांनी दात घासू नयेत. दातांच्या फटी स्वच्छ कराव्यात. त्यासाठी टाचणी किंवा सेफ्टी पिन वापरू नये. जेवणानंतर खळखळून चूळ भरावी. आणि वर्षातून एकदा तरी दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यावे. कीटण काढल्याने दात हलू लागतात ही आपल्याकडची जुनी भीती आहे. खरे पाहता दात आधीच सैल झालेला असतो. कीटणाने तो सिमेंटासारखा धरून ठेवलेला असतो इतकेच. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते हा समजही असाच निराधार आहे.

इतके करूनही दात गेले तर कवळीचा विचार येतो. जॉर्ज वॉशिंग्टन हे १७८९ साली अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. हस्तिदंत, माणसांचे दात आणि धातू यांच्या कवळ्या स्प्रिंगांनी ताणून ते वापरीत. एवढ्या मोठ्या पदाच्या पुरुषास जे सुख लाभले नाही, ते आज चाळीतल्या निवृत्त शिक्षकास लाभू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रबरी कवळ्या आल्या आणि १९३० नंतरच्या दशकात अ‍ॅक्रिलिक आले; हल्लीच्या बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात.

कवळी निवडताना लोक पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा, दुसरा दातांच्या शुभ्रतेचा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे आपण म्हणतो. माणसाने मात्र आधी खायच्या दातांची चौकशी करावी. काही नैसर्गिक दात शाबूत असतील तर ‘सगळेच काढून एकदाच कवळी बसवा’ असा हट्ट धरू नये. दात काढला की त्या जागेचे हाड झिजू लागते, आणि ती झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते. दोन-चार भक्कम दात राखता आले तर त्यांच्या आधाराने अर्धी कवळी अधिक घट्ट बसते. सर्व दात गेलेल्यांस पूर्ण कवळी लागते. खालची कवळी फारच हलत असेल आणि खर्च झेपत असेल, तर जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर ती अडकविता येते. मधुमेह, रक्त पातळ ठेवण्याची औषधे, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली औषधे यांची माहिती दात काढण्यापूर्वी डॉक्टरांस अवश्य द्यावी.

कवळी कोणाकडून करावी? १९४८ साली केंद्र सरकारने दंतवैद्यकाचा कायदा केला, तेव्हापासून नोंदणी झालेल्यानेच हा व्यवसाय करावा असा दंडक आहे. तेव्हा भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र आहे की नाही हे पाहण्यात संकोच मानू नये. ‘एका बैठकीत, न निघणारे दात’ असे सांगून शेजारच्या दातांस मसाल्याने दात चिकटवून देणारे लोक अजूनही भेटतात. त्या चिकटविलेल्या भागाखाली अन्न कुजते, हिरडी सडते आणि चांगले शेजारी दातही जातात. हे दात स्वस्त दिसतात, पण त्यांची खरी किंमत नंतर मोजावी लागते.

उत्तम कवळीस चार-पाच खेपा लागतातच. प्रथम जबड्याचे माप, मग अधिक बारकाईचे माप, मग वरच्या व खालच्या जबड्यांचा मेळ, त्यानंतर मेणावर दात लावून पाहणे आणि शेवटी पक्की कवळी. यांतील मेणाची पायरी सर्वांत महत्त्वाची. दात मोठे आहेत की लहान, ओठ फुगलेला दिसतो काय, रंग शोभतो काय, हे तेव्हाच सांगावे. कवळी पक्की झाल्यावर फेरफार कठीण. आपला तरुणपणीचा, हसरा फोटो सोबत न्यावा म्हणजे दातांची ठेवण जुळविता येते. आपल्या वयास व वर्णास शोभेल असा किंचित पिवळसर रंग घ्यावा. सत्तरीच्या मुखात सोळा वर्षांचे शुभ्र दात लगेच परके वाटतात.

याच वेळी उच्चारही तपासावेत, आणि येथे आमच्यातला मास्तर जागा होतो. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण; त्यांचे नावच दातांवरून पडले. व या वर्णाला वरचे दात खालच्या ओठास लागावे लागतात. तेव्हा मेणाची कवळी तोंडात असतानाच हे वर्ण म्हणून पाहावेत आणि मग साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने आकडे मोजावेत: साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. प्रत्येक आकड्यात ‘स’ आहे. ‘स’ च्या जागी शीळ वाजत असेल किंवा दात एकमेकांवर आपटत असतील तर डॉक्टरांस तसे तेथेच सांगावे.

कवळी मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी चकली फोडता येईल अशी आशा धरू नये. कवळीचा जोर नैसर्गिक दातांच्या फार तर पाव हिस्सा असतो. वरची कवळी टाळूवर पसरते आणि लाळेच्या पातळ थराने चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी असते, तिच्या मध्ये जीभ सतत हलत असते, म्हणून ती अधिक त्रास देते. पहिले काही दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा असे अन्न घ्यावे. घास लहान असावा आणि तो दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावावा; पुढच्या दातांनी तोडू नये. घरी एकांतात वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, जीभ लवकर सरावते. कोठे टोचत असेल तर कवळी घेऊन डॉक्टरांकडे जावे. कानस किंवा ब्लेडने घरी घासू नये. पहिल्या महिन्यात दोन-तीन वेळा तरी जावे लागते, त्यास कवळी बिघडली असे मानू नये.

रात्री कवळी काढून ठेवावी, कारण हिरडीसही विसावा हवा. ती साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. कोरडी ठेवल्यास तिचा आकार बिघडतो आणि उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. टूथपेस्टने घासल्यास तिच्यावर ओरखडे पडून जंतू बसतात. साधा साबण व मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाण्याने भरलेली बादली ठेवावी, म्हणजे निसटली तरी मोरीच्या फरशीवर फुटत नाही. कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू व जीभ मऊ ओल्या कापडाने पुसाव्यात. दात गेले म्हणजे हिरड्यांची निगा संपली, हा मोठा भ्रम आहे. रात्रंदिवस न काढलेल्या कवळीखाली टाळू लालभडक होऊन तेथे बुरशी चढते. हाड झिजत जाते तशी कवळी सैल होते. मग तिला आतून अस्तर लावून घ्यावे, आणि सर्वसाधारणपणे पाच ते सात वर्षांनी ती बदलण्याची तपासणी करावी. मृत सासऱ्यांची कवळी घासून वापरणारे एक गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. चष्म्याची काडी बदलावी तशी कवळी बदलत नसते; प्रत्येक जबडा वेगळा असतो.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. मुंबई सेंट्रल येथील महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासून कार्य करीत आहे. बोरीबंदरनजीक सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ अधिक लागतो, खर्च खासगी दवाखान्याहून पुष्कळ कमी येतो. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांस द्यावयाच्या साहित्याच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीचाही उल्लेख आहे. सरकारला कवळी काठीइतकीच गरजेची वाटली; आपल्या मंडळालाही तशी वाटावी.

म्हणून अध्यक्षमहाराजांपुढे आमची तीन नम्र मागणी. पहिली, वैद्यकीय मदत निधीच्या नियमांत कवळी व हिरड्यांवरील उपचार यांचा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे अर्ज करण्यास वृद्धांना लाज वाटणार नाही. दुसरी, हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्या ज्ञातीतील तरुण दंतवैद्यांनी एक तास सर्वांची तोंडे तपासावीत. तिसरी सर्वांत सोपी आणि सर्वांत कठीण आहे. चार-पाच खेपा मारावयाच्या तर वृद्धांसोबत कोणी तरी हवे; मुलगे-सुना नोकरीवर असतात, केसपेपरची रांग, दवाखान्याचे जिने, गाडीची गर्दी एकट्याला झेपत नाही. आम्ही निवृत्त मंडळी मोकळी आहोत. गिरगावपासून लालबागपर्यंतच्या कोणाही ज्येष्ठ बंधुभगिनीस दवाखान्यात जावयाचे असेल, तर सोबतीसाठी आमचे नाव चिटणीसांकडे आजच लिहून ठेवले आहे. त्या यादीत आणखी चार नावे पडली तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

आणि घरच्या तरुणांस एकच सांगणे. आज रात्री जेवताना आजीच्या ताटाकडे पाहा. तिने काय खाल्ले यापेक्षा काय बाजूला सारले ते पाहा. आणि मग तिला विचारा.